समीरला सांगायचं की नाही

मंजूताई,

तुझ्यावर मी रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुला कोणाचा नियम कधी लागू पडला होता? आयुष्यभर मला 'भित्री भागूबाई' म्हणून हसलीस, आणि जाताना जगातलं सगळ्यात भीतीचं काम माझ्याच गळ्यात मारून गेलीस. तू गेलीस तेव्हा तुझा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा, अरबी समुद्रात एका तेलाच्या जहाजावर इंजिनरूममध्ये होता. त्याला कळवायचं नाही असा घरातल्या सगळ्यांचा एकमुखी हुकूम. आणि तू असतीस तर त्याच दिवशी कळवलं असतंस, हेही मला पक्कं ठाऊक. मधल्या मध्ये माझं काय झालं असेल ते तूच बघ.

लग्न होऊन मी सिंगापूरला, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये आले आणि समीर लगेच जहाजावर गेला. मला लिफ्टची भीती, इथल्या कडाडणाऱ्या विजांची भीती, एस्कलेटरच्या शेवटच्या पायरीची भीती. तू मोठी नणंद, चांगी बिझनेस पार्कात बँकेच्या सिस्टिम सांभाळणारी मॅनेजर, ईस्ट कोस्टला समुद्र दिसणारा कॉन्डो. मी तुला कितीतरी दिवस अहो-जाहो करत होते. मग एका रविवारी तू पोळ्या लाटता लाटता म्हणालीस, "हे बघ केतकी, अहो म्हणणाऱ्या माणसाशी मला नीट भांडता येत नाही. मला 'तू' म्हण." तेव्हापासून आपण जे भांडायला लागलो ते परवापरवापर्यंत. लोक नणंदेशी दागिन्यांवरून भांडतात, आपण सिनेमा आणि पुस्तकांवरून भांडलो. माझ्या माहेरी हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

तो परीकथेचा सिनेमा आठवतो ना? जूनच्या सुट्टीत तुझ्या ईराला घेऊन गेलो होतो आपण. राज्याची राणी मरते, राजकन्या लहान, राजाची तिला सांगायची हिंमत होत नाही. तो दवंडी पिटवतो, की राणी लांबच्या प्रवासाला गेली आहे आणि कोणी दुसरं काही बोलायचं नाही. मग माळी, न्हावी, स्वयंपाकीण, दारावरचं ते बोलणारं बदक, सगळे राणीच्या नावाने पोरीला भेटी पाठवतात, निरोप आणतात. शेवटी पोरीला सगळं कळतं, ती रडते, आणि तिच्या रडण्याने राणी खरोखरच जिवंत होऊन दारात उभी! मी तर हमसाहमशी रडले. एका पोरीसाठी अख्खं राज्य खोटं बोलतंय, इतकी माया कुठे बघायला मिळते, असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं.

तू मात्र बाहेर आलीस ती तणतणतच. "धडधडीत फसवणूक आहे ही! पाऊण सिनेमा इतका चांगला होता. ती मुलगी स्वयंपाकिणीला विचारते, तू मला बघितलं की रोज कांदाच का चिरतेस? तिथे मला वाटलं, आता ही माणसं खरं बोलणार. कसलं काय! राणीलाच उठवली. म्हणजे खोटं बोलणाऱ्या सगळ्यांना बक्षीस!"

"अगं, लहान मुलांचा सिनेमा आहे ताई. सुट्टीत मुलांनी रडत घरी जायचं का?"

"जावं की! ज्या मुलीची आई खरंच मेली असेल ती हा सिनेमा बघून काय म्हणेल? मी पुरेसं रडले नाही, म्हणून माझी आई उठली नाही?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण हार कशी मानायची, म्हणून मी जेवायला हॉकर सेंटरला पोचेपर्यंत भांडत राहिले. शेवटी ईरा वैतागली. "इट्स जस्ट अ मूव्ही लाह, आई. कॅन वुई ईट नाऊ?" मग आपण तिघींनी पराठे खाल्ले आणि उसाचा रस प्यायलो. त्या दिवशी तुला काहीही झालेलं नव्हतं. निदान आपल्याला माहीत नव्हतं.  आपण तिथे बसून बदकाच्या आवाजाच्या नकला करत होतो, आणि ते दुखणं तुझ्या आत तेव्हाही असेल का गं?

दुसरं भांडण त्या जाडजूड कादंबरीचं. एक्स्पो स्टेशनपर्यंत जाता-येता एमआरटीच्या गाडीत उभ्याने वाचून काढलीस आणि माझ्या हातात कोंबलीस. "वाच. तुझ्या नवऱ्याच्या धंद्यातलं आहे." धंद्यातलं कसलं, अंतराळातलं जहाज! कुठल्या तरी ताऱ्याकडे निघालेलं. घरचा निरोप यायला वर्षं लागतात. पृथ्वीवर त्यासाठी एक खातंच उघडलेलं. जहाजावरच्या लोकांचे आई-बाप मेले, की ते खातं मेलेल्यांच्या नावाने पत्रं लिहीत राहतं. का, तर एवढ्या लांब माणूस खचला आणि भलतंच करून बसला तर? मग एका यंत्रज्ञाला संशय येतो. कशावरून, तर त्याची आई आजकाल त्याच्यावर रागवतच नाही. पत्रात कधी खोट काढत नाही, टोमणा मारत नाही. खरी आई इतकी गोड असूच शकत नाही.

माझं मत तुला माहीत आहे, पण पुन्हा सांगते. अर्धं पुस्तक नुसती इंजिनं. माझ्या घरात इंजिनाचं बोलणं कमी आहे का? आणि भीती इतकी वाटली की दिवसाउजेडी, लोकांत बसूनच वाचायचं असं मी ठरवलं. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत चिनी आजी-आजोबा पत्ते खेळत बसतात, त्यांच्या शेजारी बसून मी वाचायचे. पत्रं लिहिणारी ती कारकून बाई मला पुस्तकातलं एकमेव भलं माणूस वाटली. तुला ती चेटकीण वाटली. "एखाद्याचं दुःख चोरायचा हक्क हिला दिला कोणी? आईसाठी रडायचं सोडून तो माणूस तिकडे हसतोय, तिला काल काय खाल्लं ते लिहितोय. ही दया नाही केतकी. घरातल्या माणसाला दाराबाहेर उभं करणं आहे हे." शेवटी जहाजावरच्या सगळ्यांना खरं कळतं आणि ते एक दिवस इंजिन बंद ठेवून आपापल्या माणसांबद्दल बोलत बसतात, ते तुला सगळ्यात आवडलेलं पान. मी म्हटलं, हे लिहिणाऱ्याने कधी इंजिनिअरची बायको बघितलेली नाही, इंजिन असं बंद ठेवत नसतात. तू इतकी हसलीस की शेजारच्या आजींनी पत्ते खाली ठेवले.

मग तुझं दुखणं निघालं. तेव्हाही तू तुझ्या मताला धरून वागलीस, हे मला मान्यच करायला हवं. हॉस्पिटलात ईराला पलंगावर शेजारी बसवून तू सांगितलंस, "ईरा, मी बरी होईन असं डॉक्टरांना वाटतं. पण नाहीही होणार कदाचित. तुला काहीही विचारायचं असेल तर मला विचार." माझा धीरच झाला नाही, मी बाहेर व्हरांड्यात पळाले. परत आले तर तुम्ही दोघी टॅबवर तोच सिनेमा लावून बसलेल्या! मला बघून म्हणालीस, "एक मत बदललं हं माझं. बदक चांगलं आहे. सगळ्यात कमी खोटं तेच बोलतं." ईरा खुदकन हसली. त्या पोरीने तुझ्यामागे ज्या धीराने सगळं घेतलंय ना, तो धीर तू त्या दिवशी तिला दिलेला आहे. मला ते जमलं नसतं. तुझे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

औषधं लागू पडतायत असं दिसलं म्हणून समीर जहाजावर गेला. तूच त्याला ढकललंस. आणि तो गेल्यावर ते इन्फेक्शन झालं, सगळं भराभर घसरलं, आणि तू गेलीस.

घरी येऊन चपला काढतेय तोच चिपळूणहून आईंचा फोन. मुलगी गेलेली बाई, पण आवाज दगडासारखा. "केतकी, समीरला कळवायचं नाही. उतरला की सांगू." तुमच्या घरची ही रीत मला ठाऊक होती. बाबाही जहाजावरचे, त्यांची आई गेल्याचं त्यांना मुंबईला उतरल्यावर टॅक्सीत सांगितलं होतं. अनेक खलाशांच्या घरी असंच करतात. आणि का करतात तेही आईंनी मला लग्नानंतर लगेच सांगून ठेवलेलं. बाबांच्या जहाजावर एका फिटरला बाप गेल्याचा निरोप आला होता. दुसऱ्या दिवशी तो नाश्त्याला आला नाही. केबिनमध्येही नव्हता. जहाजावर कुठेच नव्हता.

 तेव्हापासून समीर डेकवर उभा असल्याचा फोटो पाठवतो ना, तेव्हा मी आधी मागचा कठडा बघते.

तर मी मेल लिहायला लागले. जहाजावरची मेल कॅप्टनच्या कॉम्प्युटरवरून जाते, म्हणून सगळेच मोजकं लिहितात. समीर विचारायचा, "ताई कशी आहे?" मी लिहायचे, "आराम करतेय." त्याने विचारलं, "माझ्यासाठी काही निरोप?" आणि मी लिहिलं, "ताई म्हणते, काळजी करू नकोस, वेळेवर जेव." पाठवलं आणि लगेच आठवली. ती कारकून बाई! मी तिची बाजू घेऊन तुझ्याशी तावातावाने भांडले होते, आणि आता मीच तिच्या खुर्चीत. सांगते तुला, भली वगैरे काही वाटत नाही तिथे बसून. 

त्यात भर म्हणून तुमच्या त्या चुलतभावाने फेसबुकवर तुझा फोटो टाकला, खाली समई, आणि तीसेक लोकांचे हात जोडलेले. मी त्याला फोन केला. "आधी काढ ते! समीर बंदराजवळ आला, सिग्नल मिळाला, की पहिल्यांदा फेसबुक उघडतो." तर म्हणतो, "अगं पण वहिनी, लोकांना कळायला नको का?" माझं डोकंच फिरलं. मी त्याला असं काही बोलले की तू असतीस तर टाळ्या वाजवल्या असत्यास. त्याने काढलं. पण आणखी कोणी टाकलं असेल तर? मी एकेकाच्या नावाने शोधत बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. फोन वाजला तरी भीती, नाही वाजला तरी भीती.

मग त्याची मेल आली. "शनिवारी दुपारी सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून जाऊ. सिग्नल मिळेल तेव्हा फोन करतो. ताईला जमलं तर बाकावर घेऊन ये. यावेळी ती भांडली नाही माझ्याशी. बरी आहे ना?"

ही शेवटची ओळ वाचून मी खुर्चीतून उठलेच. त्या यंत्रज्ञाने ओळखलं तसंच हा ओळखायला लागला होता.

बाकाचं तुला काय सांगायचं? दर वेळी त्याचं जहाज इथून गेलं की तू, मी, ईरा ईस्ट कोस्टच्या त्या बाकावर. पूर्वेकडे जाणारी जहाजं पलीकडून, बाटमच्या अंगाने जातात, काडेपेटीएवढी दिसतात. त्याचं कुठलं ते आपल्याला कधीही कळलं नाही, म्हणून आपण सगळ्याच जहाजांना ओढणी हलवायचो. आणि तू फोनवर ओरडायचीस, "अरे गाढवा, दिसलास, दिसलास!"

शनिवारी सकाळी आईंचा पुन्हा फोन. "औषधाने झोपलीय म्हणून सांग. माझी एक गेली, दुसरा घालवू नकोस."  तू असतीस तर काय बोलली असतीस? मी "बरं" म्हटलं. ईराच्या बाबांना, भावोजींना विचारलं, तर ते तुझ्या कपाटासमोर नुसते उभे. म्हणाले, "केतकी, मला विचारू नकोस. मला आज काहीच कळत नाही." ईराने सरळ विचारलं, "मामी, आर यू गोइंग टू टेल मामा ऑर नॉट?" मी म्हटलं, माहीत नाही. आम्ही दोघी बाकावर जाऊन बसलो.  सायकलवाले जातायत, कोणी मक्याचं कणीस खातंय, आणि मला समोरचं पाणी बघवत नव्हतं.

फोन आला. मागे वारा आणि मशीनची घरघर. "दिसतोय का?" तो हसत होता. "ताईला दे." सांगायचं वाक्य मी पाठ केलं होतं, झोपलीय, औषधाने. तोंड उघडलं आणि वाक्य आलंच नाही. त्याचं ते हसणं ऐकवेना. हा माणूस हसतोय आणि मी त्याला आणखी हसवत ठेवणार, हे मला जमेना.

"समीर, ताई गेली."

"कधी?"

मी सांगितलं.

"मग त्या मेल?"

"मीच लिहिल्या."

 मागून कोणीतरी हाक मारली, "सेकंड साब! चीफ साब बुला रहे हैं!" सामुद्रधुनीत इंजिन कधीही हळू किंवा बंद करावं लागतं, म्हणून समीरसारख्या इंजिनिअर लोकांना खाली इंजिनरूममध्ये हजर राहावंच लागतं. तो म्हणाला, "मला खाली जायला हवं." मी ओरडले, "समीर, एकटा राहू नकोस! कोणाला तरी सांग! समीर!" फोन बंद झाला होता. लगेच पुन्हा लावला, लागेना. समोर सगळी जहाजं तशीच चाललेली. ताई, इतकी भीती मला जन्मात वाटलेली नाही. मी त्याला मारलं, हे एकच डोक्यात. कंपनीच्या इथल्या ऑफिसात फोन केला, रडत काय बोलले देव जाणे. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकलं, म्हणाल्या, कॅप्टनला आत्ता कळवते. ईराने माझा ड्रेस मुठीत धरून ठेवला होता. रडत होती तीही, पण सोडत नव्हती.

रविवारी मी जेवले नाही. आईंना सगळं सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला. अजून बोलत नाहीत.

सोमवारी दुपारी त्याची मेल. "जेवलो. रडलो. कॅप्टनने तीन साबला, आमच्या थर्ड इंजिनिअरला, माझ्या केबिनमध्ये झोपायला पाठवलंय. भयंकर घोरतो. तुझा राग आला होता, त्या मेलचा. आता पुन्हा असं करू नकोस, कधीच. आता मला सगळं लिही. शेवटी ताई घाबरली होती का? ती कशालाच घाबरत नाही, पण तरी विचारतो. खरं लिही."

मी ती मेल उघडी ठेवून दोन वेळा चहा केला आणि तसाच गार होऊ दिला. कारण मला माहीत आहे ना ताई. तिथे फक्त मीच होते. भावोजी ईराला शाळेतून आणायला गेले होते. तू डोळे उघडलेस, माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की नखं रुतली, आणि म्हणालीस, "केतकी, मला फार भीती वाटतेय गं. तुला रोज अशी वाटते का? कशी राहतेस तू?" मी काय सांगणार? म्हटलं, "कोणाचा तरी हात धरून राहते." तू म्हणालीस, "मग सोडू नकोस." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "समीरला सांगू नकोस हं, मी घाबरले होते म्हणून."

तू! जिने एका सिनेमावरून आणि एका पुस्तकावरून माझं डोकं खाल्लं, की माणसापासून काही लपवू नये, ती तू शेवटी मलाच लपवायला सांगून गेलीस. आता भांडायला समोर नाहीस. मी कोणाचं ऐकू? इतकी वर्षं ओरडून सांगितलंस ते, की शेवटी पुटपुटलीस ते? कालचा दिवस मी यातच घालवला. रडले, चिडले, तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

आज सकाळी बसले आणि त्याला लिहिलं, "हो. ताई घाबरली होती. तुला सांगू नकोस म्हणाली होती. मी तिचा हात शेवटपर्यंत सोडला नाही." वाचून बघितलं नाही, तसंच पाठवलं. काय रागवायचं असेल ते माझ्यावर रागव.